चारशे चाळीस मॅच, दोन गोल

एडी हॅपगुडच्या नावावर लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबसाठी ४४० मॅच आहेत आणि गोल फक्त दोन. इंग्लंडसाठी ३० मॅच, त्यातल्या २१ मधे कॅप्टन, गोल शून्य. आता असा प्लेअर आजच्या माणसाला दाखवायचा कसा? जुन्या न्यूजरील (थिएटरात दाखवायचे ते बातमीपट) बघायला बसलं की आर्सेनलचेच फॉरवर्ड टेड ड्रेक दिसतो, बॅस्टिन दिसतो, अ‍ॅलेक्स जेम्सची ती ढगळ चड्डी दिसते, आणि हॅपगुड दिसतो टॉसला समोरच्या कॅप्टनशी हात मिळवताना. बस. त्यानंतर दीड तास तो जे काही करायचा ते बहुतेक फ्रेमच्या बाहेर, कारण कॅमेरा गोलाकडे, आणि याचं काम काय तर गोल होऊ द्यायचा नाही. न झालेला गोल कोण शूट करणार?

मी आर्सेनलवाला आहे, आता बरीच वर्षं झाली, म्हणजे सहनशक्ती भरपूर आहे. तरी क्लबचा तीसच्या दशकातला सुवर्णकाळ म्हटलं की मलाही आधी मॅनेजर चॅपमन आठवायचा, मग जेम्स, मग बॅस्टिन. पण त्या काळाबद्दल जसजसं वाचत गेलो तसतसा हा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, मधेमधे येत राहिला, आणि एक गोष्ट टोचायला लागली. हा माणूस आयुष्यभर सांगितलं ते ऐकत गेला. कॅप्टन होता, मैदानावर कुणाला घाबरायचा नाही, पण ऑफिसातून हुकूम आला की ऐकायचा. आणि शेवटी त्याने एकदा काही मागितलं तर त्याचं कुणी ऐकलं नाही.

सुरुवात मात्र त्याने नकारानेच केली होती, आणि तो किस्सा भारी आहे. जन्म ब्रिस्टलचा, १९०८ चा. शाळा सुटल्यावर काम काय, तर घोडागाडीवर दुधाचे कॅन घेऊन घरोघरी दूध घालायचं. गावातल्या ब्रिस्टल रोव्हर्सने ट्रायलला बोलावलं, खेळ आवडला, पैसेही चांगले देऊ केले, पण अट अशी की उन्हाळ्यात सीझन बंद असताना क्लबच्या एका डायरेक्टरची कोळशाची गाडी हाकायची. पोरगा म्हणाला नाही. त्याच्या हिशोबात दूधवाला हा कोळसेवाल्याच्या वरचा, एक पायरी खाली कशाला उतरायचं? आपल्याकडे ही उतरंड लोकांना समजावून सांगावी लागत नाही. मग तो गेला केटरिंगला, लहान क्लब, पगार निम्म्यावर, पण उन्हाळ्यात स्वतःची दुधाची गाडी चालवायची मोकळीक. मला हा १८-१९ वर्षांचा हॅपगुड फार आवडतो, कारण पुढच्या सगळ्या करिअरमधे इतकं मोकळेपणाने नाही म्हणणारा हॅपगुड फारसा दिसतच नाही.

केटरिंगला जेमतेम डझनभर मॅच झाल्या असतील आणि १९२७ मधे हर्बर्ट चॅपमन स्वतः बघायला आला. भेटल्यावर पहिला प्रश्न खेळाबद्दल नव्हताच, सिगारेट ओढतोस का, दारू पितोस का असा होता. पोरगा म्हणाला नाही, सर. मग आर्सेनलला येतोस का? एवढाच इंटरव्ह्यू. हजार पाऊंडांच्या आतबाहेर सौदा झाला, आणि पुढच्याच वर्षी याच चॅपमनने डेव्हिड जॅकसाठी दहा हजारांच्या वर मोजले, म्हणजे डिफेंडर आणि फॉरवर्ड यांच्या भावातला फरक तेव्हाही हाच. सही केल्यावर हातात मिळालेले पैसे घेऊन पोरगा ट्रेनने ब्रिस्टलला निघाला आणि डब्यात तीन पत्त्यांचा खेळ मांडून बसलेल्या ठगांनी ते जवळपास सगळे काढून घेतले. हे त्यानेच नंतर सांगितलंय, आणि लंडनने केलेलं स्वागत म्हणून याहून चांगलं काही सुचत नाही.

आता एक अडचण होती. पोरगा अंगाने अगदीच बारीक, वजन साठ किलोच्या आसपास, आणि वर शाकाहारी. त्या काळचा बॉल म्हणजे जाड चामड्याची खोळ, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंड बुटाच्या लेससारख्या वादीने शिवलेलं. पावसात हा चामड्याचा बॉल पाणी पीत जायचा आणि दुसऱ्या हाफपर्यंत चांगलाच जड व्हायचा. गोलकीपरने उंच मारलेला असा बॉल फुलबॅकने (सगळ्यात मागचे दोन डिफेंडर, डावा आणि उजवा) डोक्यावर घ्यायचा, त्यात ती वादीची गाठ कपाळावर आली तर कातडी फाटायची. हॅपगुड हेडर मारायचा आणि गरगरायचा, कधी सरळ आडवा पडायचा. ट्रेनर टॉम व्हिटाकरने निदान केलं की अंगात ताकद नाही, आणि उपाय काढला स्टेकचा. शाकाहारी मुलाला ताटात मांस वाढून वाढून भरलं, आणि पुढे तोच हॅपगुड त्या टीममधल्या सगळ्यात फिट माणसांपैकी एक झाला. आर्सेनलच्या इतिहासात हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला त्यात थोडी वेगळी गोष्ट दिसते, की बॉल लागून चक्कर येते हे लक्षण आज कुठल्याही फिजिओला हादरवून टाकेल आणि तेव्हा उत्तर काय, तर खा अजून. त्याने खाल्लं, सांगितलं होतं ना.

पहिली मॅच नोव्हेंबर १९२७, बर्मिंगहॅमविरुद्ध. पक्की जागा मिळायला १९२९ उजाडलं. आणि इथे थोडं थांबायला पाहिजे, कारण तो कुठल्या काळात डिफेंडर झाला हे कळल्याशिवाय त्याचं काम कळत नाही.

१९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता की बॉल पुढे जाताना फॉरवर्डच्या आणि गोललाइनच्या मधे समोरच्या टीमचे तीन जण पाहिजेत, नाहीतर खेळ थांबवून बॉल समोरच्यांना. म्हणजे एका फुलबॅकने जरा पुढे सरकून उभं राहिलं की झालं, अख्खी अटॅक ऑफसाइड. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन या धंद्यात इतका तरबेज होता की लोक त्याच्यावर जाम वैतागलेले असायचे. गोल आटले, प्रेक्षक कंटाळले, मग १९२५ च्या उन्हाळ्यात तीनचे दोन केले. एका आकड्याच्या बदलाने काय व्हावं? फर्स्ट डिव्हिजनमधे, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमधे, आदल्या सीझनला ११९२ गोल होते, पुढच्या सीझनला १७०३. इंग्लंडभरचे डिफेंडर एका रात्रीत येडे ठरले. १९२६-२७ ला मिडल्सब्रोच्या कॅमसेलने सेकंड डिव्हिजनमधे ५९ गोल मारले, लगेच पुढच्या वर्षी एव्हर्टनच्या डिक्सी डीनने फर्स्ट डिव्हिजनमधे ६०. आणि बरोब्बर याच वर्षी आमचा दूधवाला लंडनला डिफेंडर म्हणून हजर झाला. टायमिंग बघा.

आर्सेनलने नवीन नियमाखाली ऑक्टोबर १९२५ ला न्यूकॅसलकडून ७-० असा मार खाल्ला होता, आणि त्यातूनच चॅपमन आणि त्याचा प्लेअर चार्ली बुकन यांनी सेंटर हाफला (मैदानाच्या मधोमध खेळणाऱ्याला) मागे ओढून दोन फुलबॅकच्या मधे उभं करायची पद्धत बसवली. पुढे ती जागा हर्बी रॉबर्ट्सने घेतली, उंच, लाल केसांचा, आल्या बॉलला हेडर मारून परत पाठवणारा. लोक नेहमी रॉबर्ट्सबद्दल बोलतात, कारण नवीन जागा त्याची होती. पण बदल फुलबॅकच्या कामातही तेवढाच झाला. पूर्वी फुलबॅक मधे उभा राहायचा आणि येईल तो बॉल लांब भिरकावायचा, तेवढं केलं की ड्यूटी संपली. आता त्याला बाजूला जाऊन विंगरला, म्हणजे कडेने पळणाऱ्या फॉरवर्डला, धरायचं होतं, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात वेगवान माणसाबरोबर टचलाइनवर एकटं उभं राहायचं, मागे कव्हर अर्धवट, आणि चुकलं तर अख्खं स्टेडियम बघतंय.

इथे हॅपगुड वेगळा होता. ज्यांनी त्याला बघितलं ते सगळे साधारण एकच सांगतात, की तो विंगरवर तुटून पडायचा नाही. अंतर राखून मागे मागे सरकत त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत न्यायचा, जिथून गोल दिसतो पण मारता येत नाही, आणि विंगरने बॉल जरा लांब टाकला की मधे पाय. आणि बॉल मिळाल्यावर आकाशात न मारता जमिनीवरून पुढे द्यायचा. पुढे कोण होतं? बॉब जॉन, त्याच्यापुढे अ‍ॅलेक्स जेम्स, आणि टचलाइनला क्लिफ बॅस्टिन. आर्सेनलने एका सीझनला १२७ गोल मारले तेव्हा (१९३०-३१, पहिली लीग ट्रॉफी) त्यातले किती गोल हॅपगुडच्या पायातून सुरू झाले असतील याची कुठेही नोंद नाही, कारण तेव्हा असलं काही कुणी मोजत नव्हतं. आज असता तर रेकॉर्ड, हीटमॅप, पास परसेंटेज, सगळं निघालं असतं आणि ट्विटरवर पोरांनी त्याच्यासाठी भांडणं केली असती.

तो नसला की काय व्हायचं याचं मात्र एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. जानेवारी १९३३, एफए कप (लहानमोठे सगळे क्लब खेळतात ती नॉकआउट स्पर्धा), समोर थर्ड डिव्हिजनचं वॉल्सॉल. आर्सेनल लीगमधे टॉपला. तीनचार नेहमीचे लोक आजारी-जखमी, त्यात हॅपगुड, म्हणून लेफ्ट बॅकला टॉमी ब्लॅक नावाचा नवखा मुलगा. आर्सेनल २-० हरलं, दुसरा गोल पेनल्टीवर, आणि पेनल्टी दिली ब्लॅकच्या फाउलमुळे. चॅपमन एवढा भडकला की त्या मुलाला परत हायबरीत, आर्सेनलच्या मैदानात, पाऊल ठेवू दिलं नाही, काही दिवसांत प्लिमथला विकून टाकला. चॅपमन ग्रेट होताच, पण हा ग्रेट माणूस प्लेअरकडे कशा नजरेने बघायचा हेही त्यात आलं. कामाचा आहेस तोवर आमचा.

ट्रॉफ्या पटकन सांगून टाकतो: लीग पाच वेळा (१९३१, ३३, ३४, ३५, ३८), एफए कप दोनदा (१९३० आणि १९३६), आणि १९३२ ची हरलेली फायनल, जिच्यात न्यूकॅसलच्या गोलाआधी बॉल मैदानाच्या लाइनच्या बाहेर गेला होता हे आर्सेनलवाले नव्वद वर्षांनंतरही सांगतात. मीही सांगतो. गेलाच होता.

इंग्लंडकडून त्याची पहिली मॅच मे १९३३ ला रोममधे, इटलीविरुद्ध, १-१. मुसोलिनी स्टँडमधे बसलेला. असं म्हणतात की हॅपगुडने एक क्लिअरन्स मारला तो थेट मुसोलिनीच्या पोटावर जाऊन आदळला. खरंखोटं देव जाणे, पण खरं असावं अशी माझी फार इच्छा आहे.

मग १४ नोव्हेंबर १९३४. इटली नुकतीच वर्ल्ड कप जिंकलेली, इंग्लंड त्या वर्ल्ड कपला गेलेलंच नाही कारण १९२८ पासून फिफाच्या बाहेर, फुगलेलं. मॅच हायबरीवर आणि इंग्लंडच्या अकरा जणांत सात आर्सेनलचे: मॉस, मेल, हॅपगुड, कॉपिंग, बोडेन, ड्रेक, बॅस्टिन. हॅपगुड पहिल्यांदाच कॅप्टन. सुरुवातीलाच इंग्लंडची पेनल्टी इटलीचा गोलकीपर चेरेसोलीने अडवली, लगेच ड्रेकबरोबरच्या झटापटीत इटलीच्या मोंतीच्या पायाचं हाड मोडलं, इटलीवाल्यांना वाटलं मुद्दाम केलं, आणि तिथून पुढे फुटबॉल कमी आणि मारामारी जास्त. पंधरा मिनिटांच्या आत इंग्लंड ३-० पुढे होतं. हॅपगुडच्या तोंडावर कोपर बसलं आणि नाक मोडलं. तेव्हा सबस्टिट्यूट हा प्रकारच नव्हता, कॅप्टन बाहेर म्हणजे टीम दहाची. तो आत गेला, नाक जागेवर बसवून घेतलं, पट्टी बांधली आणि परत आला. दुसऱ्या हाफमधे इटलीच्या मेयात्साने चार मिनिटांत दोन मारले, ३-२ झालं, आणि उरलेला वेळ हॅपगुडने मोडक्या नाकाने, तोंडाने श्वास घेत, इटलीच्या फॉरवर्डला अडवण्यात काढला. ३-२ च राहिलं. कॅप्टनकीचा पहिला दिवस हा असा.

त्याच्या कॅप्टनकीचा जो दिवस फोटोसकट इतिहासात जाऊन बसलाय तो मात्र दुसराच. १४ मे १९३८, बर्लिन, ऑलिम्पिक स्टेडियम, लाखाहून जास्त पब्लिक. दोनच महिन्यांपूर्वी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळलेला. स्टँडमधे गोबेल्स, गोअरिंग, हेस. हिटलर स्वतः आला नव्हता. मॅचआधी इंग्लंडच्या टीमला सांगण्यात आलं की जर्मन राष्ट्रगीताच्या वेळी नाझी सलाम द्यायचा. प्लेअर भडकले. हॅपगुडने कॅप्टन म्हणून साहेब लोकांना सांगितलं की आम्ही कुठल्याही देशाच्या राष्ट्रगीताला सावधान उभे राहतो, तेवढं पुरे आहे, हात वर करायचं कारण काय? एफएचे (इंग्लंडची फुटबॉल संघटना) सेक्रेटरी स्टॅनली राउस आणि ब्रिटिश राजदूत नेव्हिल हेंडरसन यांचं आधीच ठरलेलं होतं, की परिस्थिती नाजूक आहे, यजमानांचा मान राखा. झालं. अकरा जण पांढऱ्या शर्टात रांगेत उभे राहिले आणि अकरा उजवे हात वर गेले.

तो फोटो तुम्ही बघितला असेल. लोक अजूनही त्याच्याखाली शिव्या घालतात. एवढं आठवत नाही कुणाला की त्यानंतर इंग्लंडने जर्मनीला ६-३ ने धुतलं, त्यात बॅस्टिनने मारला, मॅथ्यूजने मारला, आणि लेन गोल्डनने लांबून असा एक व्हॉली (बॉल हवेत असतानाच मारलेला शॉट) हाणला की बघणारे आयुष्यभर सांगत राहिले. आणि दुसऱ्याच दिवशी तिथेच अ‍ॅस्टन व्हिलाची मॅच झाली, व्हिलाचे प्लेअर मॅच संपल्यावर सलाम न देता सरळ आत निघून गेले आणि पब्लिकने त्यांची हुर्यो उडवली. म्हणजे हात वर न करता येणं शक्य होतं.

मग हॅपगुडने नाही का म्हटलं नाही? बसल्या जागेवरून विचारणं सोपंय. आठवड्याला आठ पाऊंड, सीझन नसताना सहा, हा लीगने ठरवलेला कमाल पगार, इंग्लंडचा कॅप्टन असलात तरी तेवढाच. क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही. एफएने बंदी घातली तर धंदा बंद. अशा माणसाला राजदूत सांगतोय की यावर युरोपची शांतता अवलंबून आहे. चार महिन्यांनी खुद्द पंतप्रधान चेंबरलेन म्युनिकला जाऊन यापेक्षा कितीतरी मोठा सलाम ठोकून आले आणि परत आल्यावर लोकांनी त्यांचा जयजयकार केला. मी हॅपगुडला माफ वगैरे करणारा कोण, पण दोष वाटायचाच असेल तर मी तो ऑफिसातल्या लोकांपासून वाटायला सुरुवात करीन. त्याने स्वतः काही स्वतःला सोडलं नाही. १९४५ साली आत्मकथा आली त्यात त्याने लिहिलंय की बॉम्बहल्ले बघितले, जहाज फुटलं, रेल्वे अपघातात सापडलो, पण आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण बर्लिनमधे सलाम दिला तो.

एक वर्षाने, मे १९३९, मिलानला परत इटली. तिथे इटलीच्या पियोलाने चक्क मुठीने गोल मारला आणि तीच मूठ पुढे जाऊन जॉर्ज मेलच्या डोळ्यावर बसली, गोल दिला गेला, २-२. सप्टेंबरमधे युद्ध सुरू झालं, लीग तीन मॅचनंतर गुंडाळली. हॅपगुड ३१ चा होत होता. तो एअर फोर्समधे गेला, युद्धकाळातल्या बिनहिशोबी मॅच खेळत राहिला, ज्या रेकॉर्डमधे धरत नाहीत. हर्बी रॉबर्ट्स सैन्यात असताना १९४४ ला आजारपणात गेला.

युद्धानंतर मॅनेजर म्हणून ब्लॅकबर्न, मग वॉटफर्ड, मग बाथ सिटी. कुठेच फार जमलं नाही, १९५६ ला बाथनेही काढलं. हा भाग मी पटकन सांगतोय कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही, चांगला प्लेअर आणि मध्यम मॅनेजर ही जोडी जगभर आहे. पण मग पैशांची चणचण झाली आणि हॅपगुडने आर्सेनलला पत्र लिहिलं, की माझ्यासाठी बेनिफिट मॅच (जिची कमाई प्लेअरला द्यायची) करता का. तो खेळायचा तेव्हाच्या नियमात पाच वर्षांच्या नोकरीवर क्लब ६५० पाऊंडांपर्यंत बेनिफिट देऊ शकायचा, शकायचा म्हणजे क्लबच्या मर्जीवर. क्लबने मॅच केली नाही. तीस पाऊंड पाठवले.

लोक म्हणतात तेव्हा सगळेच क्लब असे होते. असतील. पण ज्या क्लबने १९३६ ला संगमरवरी हॉलवालं ईस्ट स्टँड १ लाख ३० हजार पाऊंडांना बांधलं, ते ज्यांच्या जिवावर भरायचं त्यांच्यातल्या कॅप्टनला तीस? आणि क्लबला माणसं सांभाळता येत नव्हती असंही नाही. याचाच जोडीदार राइट बॅक जॉर्ज मेल, ज्याला चॅपमनने हाफबॅकचा फुलबॅक केला, तो रिटायर झाल्यावर कोच म्हणून, मग स्काउट म्हणून १९७५ पर्यंत आर्सेनलमधेच होता. माझ्यामते फरक एवढाच की मेल घरातच राहिला आणि हॅपगुड बाहेर जाऊन मग दारात आला.

हॅपगुड पुढे वायएमसीएची हॉस्टेलं सांभाळायला लागला, आधी हारवेलला, मग वेमथकडे. जानेवारी १९६१ ला कमाल पगाराचा नियम गेला आणि फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पाऊंड द्यायला सुरुवात केली. हेन्सही तेव्हा इंग्लंडचा कॅप्टनच. हॅपगुड १९७३ ला गेला, ६४ वर्षांचा. आर्सेनलने तोपर्यंत लीग आणि कप एकाच सीझनला जिंकायचा पराक्रम करून झाला होता, जो त्याच्या टीमला कधी जमला नाही, १९३२ ला दोन्हीत दुसरे आले. त्या न्यूकॅसलच्या बॉलमुळे. लाइनच्या बाहेर होता तो.